ढालीवरचा दाब आणि अंगठ्यातली लय

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या खेळात बचावाचे बटण दाबले की पात्राभोवती रंगीत, अर्धपारदर्शक गोळा उभा राहतो. हीच त्या खेळातली ढाल. तिच्यावर पडलेला वार अंगाला लागत नाही. मात्र ढाल झिजते आणि ढालीआडच्याला त्या हादऱ्यात काही क्षण जागचे हलता येत नाही. तो मोकळा होऊन काही करणार, तेवढ्यात दुसरा वार, त्यातून सुटतो न सुटतो तोच तिसरा, अशी साखळी चालू ठेवण्याला खेळाडू 'शील्ड प्रेशर' म्हणतात. साध्या मराठीत, ढालीवरचा दाब. या साखळीतले दोन वार सेकंदाच्या फार लहान अंशात जुळवावे लागतात. ते जुळवण्याचा सराव कसा होतो आणि तो इतका अवघड का, हे समजायचे तर आधी खेळाच्या पोटातले घड्याळ पाहावे लागते.

'मेली' २१ नोव्हेंबर २००१ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रासाठी बाजारात आला. हॅल लॅबोरेटरीने तो बनवला. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळातली प्रत्येक गोष्ट फ्रेममध्येच मोजली जाते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ मिलिसेकंद. खेळाडू एकमेकांशी बोलतानाही 'लवकर', 'उशिरा' असे मोघम बोलत नाहीत. 'दोन फ्रेम उशिरा' असे बोलतात.

ढालीचाही हिशेब असाच चालतो. पूर्ण भरलेल्या ढालीची ताकद ६० धरलेली आहे. बटण पूर्ण दाबून ती नुसती धरून ठेवली तरी दर फ्रेमला ०.२८ झिजते, म्हणजे समोरच्याने हातही उचलला नाही तरी साडेतीन सेकंदांत संपते. सोडल्यावर ती दर फ्रेमला फक्त ०.०७ भरते. झिजणे भरण्याच्या चौपट वेगाने होते. अर्धी झिजलेली ढाल पुन्हा पूर्ण व्हायला सात सेकंदांहून थोडे जास्त लागतात. झिजेल तसा गोळा लहान होतो आणि पात्राचे डोके किंवा पाय बाहेर उघडे पडतात; मग वार ढालीला चुकवून थेट अंगावर बसतो. आणि ढाल फुटलीच, तर पात्र वर उडते, खाली येते आणि झिंगल्यासारखे उभे राहते. जिग्लिपफ या पात्राची गत त्याहून वाईट. ढाल फुटताच ते सरळ वर फेकले जाते आणि डोक्यावर छत नसेल तर तिथेच बाद होते.

ढालीआडून सुटायचे मार्ग मोजके आहेत. बटण सोडून ढाल खाली घ्यायला १५ फ्रेम जातात, म्हणून दाबाखाली तो मार्ग बहुधा उपयोगाचा नसतो. ढालीतून थेट उडी मारता येते, कोलांटी घेता येते, जागच्या जागी वार चुकवता येतो, किंवा समोरच्याला पकडता येते. यातली पकड सगळ्यात धोक्याची. बहुतेक पात्रांची पकड बटण दाबल्यापासून सातव्या फ्रेमला लागते आणि वार करणारा एवढा जवळ असतो की ती चुकत नाही. ढालीवर दाब ठेवणाऱ्याचे सगळे गणित या ७ आकड्याभोवती फिरते.

फॉक्स या कोल्ह्याच्या पात्राचे उदाहरण घेतले की हे गणित स्वच्छ दिसते. फॉक्सचा हवेतला एक साधा वार आहे, खेळाडू त्याला 'नेअर' म्हणतात. तो नीट बसला की १२ टक्के इजा करतो. तोच ढालीवर बसला तर ढालीआडचा खेळाडू ७ फ्रेम अडकतो. इकडे फॉक्स जमिनीवर उतरतो तेव्हा त्यालाही सावरायला वेळ लागतो: १५ फ्रेम. वार अगदी जमिनीला टेकता टेकता बसला असे धरले, तर ढालीआडचा सातव्या फ्रेमनंतर मोकळा आणि फॉक्स पंधराव्या फ्रेमपर्यंत अडकलेला. मधल्या ८ फ्रेम प्रतिस्पर्ध्याच्या हातात आल्या. पकडीला ७ पुरतात. फॉक्स पकडला गेला.

यावरचा उपाय खेळातच ठेवलेला आहे. जमिनीला टेकण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये ढालीचे बटण दाबले तर सावरण्याचा वेळ निम्मा होतो. याला 'एल-कॅन्सल' म्हणतात. १५ च्या जागी ७ फ्रेम होतात. आता दोघेही एकाच वेळी मोकळे होतात, आणि इथे फॉक्सची 'शाइन' कामी येते. शाइन म्हणजे अंगाभोवती चमकणारा षट्कोनी परावर्तक. मुळात तो समोरून येणारे गोळे परतवायला दिलेला आहे, पण जवळ उभ्या असलेल्याला तो धक्काही देतो, आणि हा धक्का बटण दाबल्याच्या पहिल्याच फ्रेमला लागतो. प्रतिस्पर्धी सात फ्रेमची पकड सुरू करतो न करतो, त्याआधीच शाइन बसलेली असते. एक बटण वेळेवर दाबले की डाव फॉक्सचा, चुकले की प्रतिस्पर्ध्याचा.

साखळी इथे थांबत नाही. शाइन चौथ्या फ्रेमपासून उडी मारून सोडता येते. उडीआधी पात्र जरा वाकते. ही बैठक फॉक्सची ३ फ्रेमची, फाल्को या ससाण्याच्या पात्राची ५ फ्रेमची. फॉक्सने बैठक संपताच, पाय जमिनीवरून सुटल्याच्या नेमक्या पहिल्या फ्रेमला पुन्हा शाइन दाबली तर तो वर न जाता जमिनीलगतच राहतो आणि चाल पुन्हा करता येते. ही 'मल्टिशाइन'. तिला चुकीची मुभा एका फ्रेमचीही नाही. एक फ्रेम आधी दाबले तर बटण वाया जाते, एक फ्रेम उशिरा दाबले तर फॉक्स हवेत वर निघतो आणि साखळी तुटते. उडीनंतर पुन्हा नेअर करावा तर मध्ये फट मोठी राहते, पण तो वार हाताला सोपा आणि ढालीला जड. कुशल खेळाडू या दोन वाटांची सरमिसळ करतो.

आता प्रश्न असा की माणसाच्या हाताला हे जमते कसे. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. पाहून मग दाबायचे म्हटले तर ३ फ्रेमच्या बैठकीवर कोणीच शाइन दाबू शकणार नाही. तरीही ती हजारो खेळाडू दाबतात. याचा अर्थ हे काम प्रतिक्षिप्त चपळाईचे नव्हे. पुढचा क्षण कधी येणार हे अंगठ्याला आधीच ठाऊक असते, आणि अशा ठाऊक असण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: लय.

इंदूरसारख्या गावात हे वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या आश्रयाला असलेले पखवाजवादक नाना पानसे यांच्या नावाचे घराणे याच गावातून पुढे गेले, आणि उस्ताद अमीर खाँ यांनी झुमऱ्याच्या चौदा मात्रा अतिविलंबित लयीत गाऊन इंदूर घराण्याची ओळख घडवली. तबल्याच्या हिशेबाने पाहिले तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३० फ्रेमची होते. दुगुनीत दोन बोलांमधले अंतर १५ फ्रेम, चौगुनीत साडेसात, आठगुनीत पावणेचार. चौगुनीतले बोल वाजवणारा विद्यार्थी फॉक्सच्या एल-कॅन्सलइतक्या बारीक अंतराशी रोज खेळत असतो. आठगुनीत हात बसलेला वादक तर त्या तीन फ्रेमच्या बैठकीच्या शेजारीच पोचलेला असतो. यातले काहीच माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही. मात्र ते वेळ घालवून कमवावे लागते.

एका बाबतीत मात्र तबला आणि हा खेळ यांच्यात फरक आहे, आणि सराव करणारे बहुतेक जण नेमके तिथे चुकतात. तबल्यावर कायदा आधी ठाय लयीत घोटता येतो, मग दुगुनीत नेता येतो. खेळात तसे करता येत नाही. फॉक्स किती वेगाने खाली येणार हे खेळाने ठरवले आहे. खेळाडूने मन सावकाश केले म्हणून पात्र सावकाश पडत नाही. 'मेली'त सगळे मंद गतीने चालवणारा एक प्रकार आहे, पण त्यात बोटांचा क्रम तेवढा पाठ होतो. वेळ पाठ होत नाही, उलट चुकीची वेळ हातात बसण्याची भीती असते. म्हणून इथे सावकाश शिकणे म्हणजे साखळी तोडून एकेक कडी पक्की करणे.

पहिली कडी बटणाला हात लावण्याआधीची. पखवाज-तबल्याच्या परंपरेत बोल आधी तोंडाने म्हणतात. त्या पढंतीशिवाय हात चालवला की बोल अडखळतात. ढालीवरच्या दाबालाही ही रीत चपखल लागू पडते. 'उडी, वार, एल, शाइन, उडी' हा क्रम मोठ्याने, समान अंतराने म्हणता आला पाहिजे. जो तोंडाने गडबडतो त्याचा अंगठा हमखास गडबडतो.

दुसरी कडी रिकाम्या जागेत: उडी, वार, एल-कॅन्सल, एवढेच. समोर कोणी नाही. यासाठी खेळाडूंनी तयार केलेल्या सराव-आवृत्त्या फार उपयोगी आहेत. '२०एक्सएक्स' या आवृत्तीत एल-कॅन्सल बसला की पात्र एका रंगात चमकते, चुकला की दुसऱ्या. 'अंकलपंच' या सराव-आवृत्तीत तर एल-कॅन्सलचा स्वतंत्र धडाच आहे. आपण लवकर दाबतो की उशिरा, हे डोळ्यांना कळत नाही. यंत्राने सांगितले तरच कळते. चूक कोणत्या बाजूची हे ठाऊक नसताना शंभर वेळा केलेला सराव ती चूकच पक्की करतो.

तिसऱ्या कडीला खरा खड्डा आहे. रिकाम्या जागेत शंभरपैकी नव्वद वेळा एल-कॅन्सल साधणारा खेळाडू ढालीवर पहिल्यांदा वार करतो आणि पुन्हा पुन्हा चुकतो. हात बिघडला असे त्याला वाटते. कारण वेगळेच असते. वार कशावरही बसला की दोन्ही पात्रे क्षणभर जागीच थबकतात; हा थबका वाराच्या जोराप्रमाणे कमीजास्त असतो. १२ टक्क्यांच्या वाराला तो ७ फ्रेमचा. म्हणजे वार ढालीवर बसला तर फॉक्स हवेत ७ फ्रेम लटकतो आणि जमिनीवर तेवढाच उशिरा पोचतो. एल-कॅन्सलची खिडकीही ७ फ्रेमचीच. रिकाम्या जागेत बसलेली सवय इथे बरोबर एका खिडकीइतकी लवकर पडते. तोच वार उशिराने, कमी जोरात, ९ टक्क्यांचा बसला तर थबका ६ फ्रेमचा होतो आणि वेळ पुन्हा थोडी सरकते.

त्यामुळे रिकाम्या जागेतला सराव आणि ढालीवरचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी मानायला हव्यात, आणि दुसऱ्याला वेळ जास्त द्यायला हवा. थबका कानाला चांगला कळतो. वार बसल्याचा आवाज, मग लहानशी शांतता, मग उतरणे. ती शांतता ऐकून दाबायला शिकलेला खेळाडू पडद्याकडे पाहून दाबणाऱ्यापेक्षा लवकर स्थिरावतो. समोरच्याने ढाल अचानक खाली घेतली आणि वार हवेतच गेला, तर थबका होत नाही. हे ओळखून वेळ बदलणे ही पुढची पायरी.

चौथी कडी वार खाली नेण्याची. नेअर उंचावर बसला आणि फॉक्स त्यानंतर पाच-सहा फ्रेमने उतरला तर ती सगळी फट प्रतिस्पर्ध्याला मिळते, मग एल-कॅन्सल कितीही अचूक असो. वार जमिनीलगत बसवणे म्हणजे बटण मुद्दाम उशिरा दाबणे, आणि घाईच्या हाताला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. शिकणारे बहुतेक जण शाइनचा वेग वाढवण्यात महिने घालवतात. त्यांचा खरा दोष तीन वार आधी, उंचावर बसलेल्या नेअरमध्ये असतो.

इतके सगळे साधले तरी ढालीआड बसलेला माणूस आहे, भिंत नाही. त्याने बटण जरासेच दाबून ढाल पातळ केली तर ती मोठी होते आणि वार बसताच तो स्वतः जास्त मागे सरकतो. तो ढाल वर-खाली कलती करून उघडे पडलेले डोके झाकू शकतो. वार येण्याच्या क्षणी ढाल उघडली, म्हणजे पहिल्या ४ फ्रेममध्ये वार तिच्यावर आला, तर तो नेहमीपेक्षा लवकर उत्तर देऊ शकतो. आणि सर्वांत साधी गोष्ट, तो साखळीची लय ओळखतो. तिसऱ्या शाइननंतर नेहमी उडी येते हे एकदा कळले की त्याला आपलीही वेळ जुळवता येते.

आखाड्यातल्या वस्तादांना हे नवे नाही. मराठी मुलखात ढाल-तलवारीच्या हाताचा सराव फरी-गदग्याने करत: एका हाती फरी म्हणजे लहान ढाल, दुसऱ्या हाती गदगा म्हणजे मढवलेली काठी. तिथे नुसत्या जलद वारांना किंमत नसते. हूल दिली की ढाल सरकते आणि वार मोकळ्या जागी बसतो. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांबरोबर, म्हणजे चित्ररथांबरोबर, आखाडे रस्त्यावर शस्त्रांचे हात करतात, तेव्हा पवित्रा बदलण्याआधीचा तो मुद्दाम घेतलेला थांबा कोणालाही पाहायला मिळतो. पडद्यावरची हूल अशीच असते. वार करणारा शाइननंतर जाणूनबुजून चार-पाच फ्रेम थांबतो. प्रतिस्पर्ध्याला वाटते फट मिळाली, तो पकडीचे बटण दाबतो, त्याची पकड लागायला ७ फ्रेम हव्या असतात आणि तेवढ्यात पुढचा वार ढाल नसलेल्या अंगावर बसतो. किंवा वार करणारा काहीच न करता सरळ पकडतो, कारण पकडीपुढे ढाल चालत नाही. ढालीवरचा दाब परिणामकारक होतो तो या अनिश्चिततेमुळे. न चुकणारी पण एकसारखी साखळी चांगल्या खेळाडूपुढे फार काळ टिकत नाही.

म्हणून पाचवी कडी एकट्याने घोटता येत नाही. समोर जिवंत जोडीदार हवा. सरावाची चांगली रीत अशी की जोडीदाराने आधी फक्त ढाल धरावी, मग फक्त पकडीचा प्रयत्न करावा, मग फक्त उडीचा, आणि शेवटी मनाला येईल ते करावे. प्रत्येक टप्प्याला वार करणाऱ्याने एकच गोष्ट तपासावी: त्या एका उत्तराला आपल्या साखळीत फट कुठे आहे. आखाड्यात जोडी लावून हात घोटत, ती हीच पद्धत.

गावात असा जोडीदार नसेल तर इंटरनेटवरचा शोधावा लागतो, आणि मग अंतराचा हिशेब सुरू होतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इंदूरपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. एका दिशेला अडीच मिलिसेकंद, फ्रेमचा सहावा-सातवा हिस्सा. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण प्रतिस्पर्धी सुमारे ६,००० किलोमीटरवर युरोपात असेल तर तार अगदी सरळ असती तरी ३० मिलिसेकंद, जवळजवळ दोन फ्रेम जातात. प्रत्यक्षात तार वळसे घेते आणि मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा. 'मेली'साठीच्या 'स्लिपी' या प्रणालीने जून २०२० मध्ये यावर 'रोलबॅक'चा तोडगा आणला: समोरच्याचे बटण पोचण्याआधी यंत्र अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करते. आपल्या बोटांची वेळ त्यात शाबूत राहते, आणि सरावासाठी तेच महत्त्वाचे. घरातल्या पडद्याकडेही लक्ष हवे. नव्या टीव्हीवर चित्र सुधारण्याच्या सोयी चालू असतील तर चित्र काही फ्रेम मागे पडते. टीव्हीतला 'गेम मोड' त्या सोयी बंद करतो. एका पडद्यावर बसवलेली वेळ दुसऱ्यावर चुकते ती बहुधा यामुळे.

हा सगळा खटाटोप कोवळ्या वयाच्या चपळ बोटांसाठीच आहे, असा समज सर्वत्र आहे. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदाच पदकाचा दर्जा मिळाला आणि 'स्ट्रीट फायटर ५' हा लढतीचा खेळ त्यात होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. त्या खेळात ढालीचा गोळा नसतो, स्टिक मागे ओढून वार अडवतात, पण अडकण्याचा आणि मोकळे होण्याचा फ्रेमचा हिशेब तोच. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले. त्यांचे वय तेव्हा ४४ होते. लयीचे काम वयाबरोबर लगेच उतरत नाही, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

शरीराला मात्र मर्यादा आहेत. एकाच अंगठ्याने सेकंदाला सात-आठ वेळा बटण दाबण्याचा सराव स्नायुबंधांवर ताण आणतो आणि हाताच्या दुखण्याने 'मेली'तल्या अनेक नावाजलेल्या खेळाडूंना खेळापासून लांब राहावे लागले आहे. एका बैठकीत मल्टिशाइनचे दोन तास घोटण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये हात मोकळे सोडून, जास्त देऊन जातात. कंट्रोलर आवळून धरला की अंगठा लवकर थकतो आणि वेळ आधी सरकते. चुका एकाएकी लवकरच्या बाजूला वाढू लागल्या की पकड सैल करायची वेळ झाली असे समजावे. मनगटात कळ आली तर त्या दिवशी कंट्रोलर बाजूला ठेवावा.